मोइसिओच्या गोठ्यातली मांजरं

१२ जानेवारी

माझी मांजर उस्वा सकाळपासून जमिनीवर लोळते आहे आणि शेपटी बाजूला करून ओरडते आहे. माजावर आली. बाहेर उणे बावीस, तळं गोठून पांढरं पडलेलं, आणि माझ्या स्वयंपाकघरात हा आवाज. माझं ठरलं: या खेपेला पिल्लं होऊ द्यायची. एकदाच.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला इतका आनंद झाला की हातमोजे न घालताच कामावर गेले.

उस्वाकडे वंशावळीचा कागद नाही. मी तिला एका शेतावरून आणली. चंदेरी राखाडी रंग, मानेभोवती आयाळ, कोल्ह्यासारखी शेपटी. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, हिची पिल्लं व्हायलाच हवीत. कागद नसला तरी तिच्या हृदयाची, मूत्रपिंडांची, रक्ताची तपासणी झालेली आहे. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासते. मोजता येण्यासारखं काही मी मोजल्याशिवाय सोडत नाही.

आउने आत्याला फोन केला. ती बाबांची थोरली बहीण. आमच्या जुन्या उन्हाळघरात ती आता बारा महिने राहते, आणि लोक उन्हाळा संपल्यावर जी मांजरं मागे टाकून जातात, ती पकडते. सध्या तिच्या साउनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, नऊ मांजरं आहेत. ती स्वतः स्वयंपाकघरात बादलीतून अंघोळ करते.

"एकदाच," मी म्हणाले.

"सगळे एकदाच म्हणतात. माझ्या साउनात नऊ 'एकदाच' बसलेत."

"माझी पिल्लं तुझ्या साउनात येणार नाहीत, आत्या. मी घरं पारखून देणार आहे."

"घरं पारखायचं यंत्र आहे का गं तुमच्या प्रयोगशाळेत?"

ती चिडली की असं बोलते. मी विषय बदलला.

१६ जानेवारी

बोका युहानीचा. युहानी माझ्या प्रयोगशाळेतला, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा. बोक्याचं नाव कापतेनी, म्हणजे कप्तान. त्याच्या हृदयाची तपासणीही मी करून घेतली. युहानी म्हणाला, माझ्या हृदयाची कुणी एवढी चौकशी केली नाही.

कापतेनीने पहिले दोन तास फ्रिजमागे काढले. उस्वाने एकदा गुरगुरून पंजा मारला होता.

"माझ्यावर गेलाय," युहानी कॉफी ओतत म्हणाला. "बाईमाणसाने आवाज चढवला की आम्ही कपाटामागे."

संध्याकाळी काम झालं. उस्वाने किंकाळी फोडली, त्याला झोडपलं, मग खिडकीत बसून अंग चाटत राहिली, जणू काही झालंच नाही. मला मात्र झोप येत नाही. 

१० फेब्रुवारी

सोनोग्राफी. डॉक्टर पियाने पडदा माझ्याकडे वळवला. करड्या धुरकट पट्ट्यात चार ठिणग्या लुकलुकत होत्या. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक हृदय. मी आयुष्यात पुष्कळ पडदे पाहिले आहेत. असा नाही.

"श्वास घे," पिया म्हणाली. ती उस्वाला म्हणते आहे असं मला वाटलं होतं.

२० मार्च

झाली! चार नाही, पाच.

पहिली चार अर्ध्या-अर्ध्या तासाने, ठणठणीत. मला वाटलं संपलं. मी युहानीला संदेशही पाठवला. मग उस्वा परत कळा द्यायला लागली आणि पाचवं आलं. हालचाल नाही. उस्वा चाटेना. मी टॉवेलने घासलं, तोंडातला चिकटा काढला, घासत राहिले. किती वेळ, माहीत नाही; घड्याळ बघायचं सुचलं नाही, हे माझ्याबाबतीत नोंद करण्यासारखं आहे. मग ते उंदरासारखं चिरकलं.

मादी. अडुसष्ट ग्रॅम. बाकीची शंभरच्या आसपास. नाव मुरु ठेवलं. मुरु म्हणजे पावाचा चुरा.

युहानीने सगळ्यांसमोर विचारलं, "बाळंतीण कशी आहे?" प्रयोगशाळेतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते म्हणे.

६ एप्रिल

मुरुला बाटलीने दूध पाजते आहे. काट्यावर रोज काही ग्रॅम वर. आज डोळे पूर्ण उघडले. तिने माझ्याकडे बघून फिस्कारलं. माझ्या तळहातात मावणारा जीव मला धमकी देतो आहे. मला किती मजा वाटली, ते लिहिणं अवघड आहे.

१ मे

वाप्पु, वसंताचा सण. रस्त्याभर फुगे आणि पांढऱ्या टोप्या, माझ्याकडे पिल्लं बघायला येणाऱ्यांची रांग. सतरा जणांनी चौकशी केली होती. मी नऊ जणांना बोलावलं आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले: ॲलर्जी, खिडक्यांना जाळी, दिवसभर घरी कोण. तिघांना नाही म्हणाले. एक जण म्हणाला, "नोकरीसाठी आलोय असं वाटतंय." त्याला मी चौथा नकार दिला.

विर्पी आणि तेरो मात्र लगेच आवडले. साठीच्या आतबाहेर, हसरे. विर्पीने दालचिनीचे गोड पाव आणले होते. मुरु कुणाकडे जात नाही, ती सरळ तेरोच्या बुटात जाऊन बसली. त्यांनी उन्हाळघराचा फोटो दाखवला: तळं, हिरवा बाक ठेवलेला धक्का, बर्चची झाडं. "मुलांना उन्हाळ्यात मांजर नसलं तर करमतच नाही," विर्पी म्हणाली. नातवंडं म्हणायचं होतं तिला. "जूनमधल्या युहान्नुसच्या आधी मिळेल ना? तळ्याकाठी होळी पेटवायला सगळे जमतात."

मी म्हणाले, मिळेल. इतक्या उत्साहाने तारीख विचारणारे दुसरे कुणी नव्हते.

त्यांचं उन्हाळघर आत्याच्याच तळ्यावर आहे, पलीकडच्या खाडीत. तोही मला शुभशकुन वाटला.

१४ मे

आत्या पिल्लं बघायला आली. कोटाच्या बाहीला सगळ्या रंगांचे केस. मुरुला तिने उचललं, कान बघितले, दात बघितले, आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. मग म्हणाली, "नसबंदीची शस्त्रक्रिया करूनच दे सगळी."

चौघांची ठरली आहे. मुरुचं वजन कमी आहे, पिया म्हणते थांबलेलं बरं. विर्पी ऑगस्टमध्ये करून घेणार आहे. तिने शब्द दिला आहे.

"शब्द," आत्या म्हणाली.

"तुला माणसांवर विश्वासच नाही."

"मांजरांवर आहे. तेवढा पुरतो."

जाताना मी तिला सांगितलं की विर्पीच्या घरातलं उन्हाळ्यातल्या मांजराचं कौतुक बघून मला आमची मिर्री आठवली. लहानपणी दर उन्हाळ्यात बाबा मिर्री आणायचे. शरदात मिर्री मोइसिओच्या शेतावर उंदीर पकडायच्या कामाला जायची आणि पुढच्या वर्षी आम्हाला नवी मिर्री मिळायची. मला फार अभिमान होता. वर्गात कुणाच्या मांजराला नोकरी नव्हती.

आत्या बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने फक्त "हं" केलं. ती आणि बाबा फारसं बोलत नाहीत. कारण मला माहीत नाही.

१८ जून

सगळी गेली. घर एकदम मोठं झालं आहे. उस्वा एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून आली आणि झोपली. मीच दोनदा फिरले.

प्रत्येकाला मानेत ओळख-क्रमांकाची चिप बसवून, माझ्या हाताने नोंदणी करून दिलं. मुरु शेवटची. तेरोने गाडीत तिची टोपली मांडीवर घेतली, डिकीत ठेवली नाही. मी हे मुद्दाम पाहिलं.

११ जुलै

विर्पीने फोटो पाठवला. मुरु धक्क्यावरच्या हिरव्या बाकावर, शेजारी एक मुलगी ओल्या केसांची, दोघींच्या तोंडाला मासा. मी तो फोटो मोठा करून प्रयोगशाळेत लावला.

पुढच्या खेपेसाठी आत्ताच पाच जण थांबले आहेत. मी "एकदाच" म्हणाले होते, पण तेव्हा मला हे इतकं नीट जमेल हे माहीत नव्हतं. नवीन माहिती आली की निष्कर्ष बदलावा, याला बेइमानी म्हणत नाहीत. जानेवारी पुन्हा धरायला हरकत नाही.

२४ ऑगस्ट

विर्पीकडून दोन आठवडे काही नाही. शस्त्रक्रिया झाली का, विचारलं. उत्तर नाही. शाळा सुरू झाल्या, शहरात परतण्याची गडबड असणार. तक्रार असती तर पहिला फोन मलाच आला असता.

२७ सप्टेंबर

आत्या जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं. मांजरं पकडायचा तर आत्ताच हंगाम. मी रजा घेऊन आठवड्यापूर्वीच इथे आले.

तिचे सापळे बघून मला धक्का बसला. दार पडायला एक दोरी आणि एक काडी. निम्म्या वेळा आत खार सापडते, आणि बंद दाराबाहेर मांजर बसून बघत असते. मी तळाला वजनाचा काटा बसवला, दाराला चुंबक, वर कॅमेरा. दोन किलोच्या वर वजन आलं तरच दार पडेल. कॅमेऱ्यातलं चित्र थेट माझ्या फोनवर.

"पाण्याच्या टाकीला बसवतात तसलं काहीतरी केलंयस," आत्या म्हणाली.

"तसलंच आहे."

पहिलं मांजर एका पहाटे आलं. पट्टेदार बोका, एक कान थंडीने झडलेला. दार धाडकन पडलं आणि मी अंथरुणात ओरडले. आत्या धावत आली, हातात प्लास्टर, अंगात झोपेचा सदरा, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. आठवड्याभरात पाच पकडली. मला वाटतं, या कामासाठीच मी शिकले असावे.

पट्टेदार, काळी, काळीपांढरी. साधी मांजरं. माझ्यासारखं कुणी त्यांच्या घरांची चौकशी केली असती तर ही वेळ आली नसती, असं मी आत्याला म्हणाले. तिने माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

८ ऑक्टोबर

पलीकडच्या खाडीत एक मांजर रात्री दिसतं, असं पोस्टमन म्हणाला. काल सापळा तिथे लावला. लावताना धक्का दिसला. हिरवा बाक उलटा करून ठेवलेला, घराच्या खिडक्यांना फळ्या. विर्पीचं घर. सगळं नीट आवरून गेले आहेत. मला बरं वाटलं.

आज सकाळी कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं. एक मांजर आत शिरलं, सगळा मासा खाल्ला, वळलं आणि निघून गेलं. दार पडलंच नाही. काट्यावर आकडा होता: एक किलो नऊशे.

वळताना शेपटी दिसली. कोल्ह्यासारखी.

मी ठरवलेल्या वजनात ती बसली नाही.

९ ऑक्टोबर

मर्यादा खाली आणली, मासा दुप्पट ठेवला, आणि गाडीत बसून राहिले. थंडीने काच आतून गोठली. ती उजाडताना आली. दार पडलं. मी धावले, चिखलात पडले, उठले.

पिंजऱ्यात ती कोपऱ्यात दबून फिस्कारत होती, तशीच जशी तळहातात असताना. मी म्हणाले, "मुरु," आणि ती थांबली. चिप वाचायची गरज नव्हती. तरी वाचली. माझ्याच हाताने नोंदवलेला आकडा.

आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला आहे. गाडीत मी मोठ्याने गात होते. मला गाता येत नाही.

आत्याने टोपलीत डोकावून पाहिलं. मला भीती होती की ती बोलेल. ती साउनाचं दार उघडून एवढंच म्हणाली, "वरच्या फळीवर ठेव. तिथे ऊब असते."

१० ऑक्टोबर

विर्पीने फोन उचलला.

"अगं सायमी! किती दिवसांनी! मुरु ना? मजेत आहे ती."

"तुमच्याकडे आहे?"

"इथे हेलसिंकीत? चौथ्या मजल्यावर कोंडायची का बिचारीला? तिकडेच राहिली ती. निघायच्या दिवशी हाका मारल्या तर आलीच नाही. तेरो म्हणाला, बघ, तिलाच जायचं नाहीये. मोइसिओच्या शेतावर गेली असेल. तिथे उंदीर असतात, दूध असतं. आमच्या सगळ्या तिथेच जातात."

"सगळ्या?"

"दर वर्षीच्या. सासऱ्यांच्या वेळेपासून. आणि ऐक ना, पुढच्या वर्षीही तुझ्याकडूनच घेणार हं आम्ही. नातीने आत्ताच सांगून ठेवलंय."

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. माझ्या मांजरावर तिचं प्रेम होतं. जूनपासून ऑगस्टपर्यंत.

मी तिला सांगितलं मुरु कुठे सापडली.  मग ती म्हणाली, "पण मोइसिओ तर जवळच आहे."

११ ऑक्टोबर

मोइसिओच्या शेतावर गेले. फाट्यापासून आत खडीचा रस्ता, लाल रंगाचा गोठा. म्हातारा एइनो मोइसिओ पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होता.

"मांजरं?" तो म्हणाला. "माझ्याकडे? आमच्या हिला दमा होता. मांजर आवारातसुद्धा चालायचं नाही. गायी विकल्या त्यालाही वीस वर्षं झाली. गोठ्यात ट्रॅक्टर आहे, बघायचाय?"

मी पाहिला. ट्रॅक्टर होता.

"तळ्यावरचे सगळे म्हणतात मांजरं मोइसिओकडे जातात."

"ऐकून आहे." त्याने सुई दोऱ्यात अडकवली. "या तालुक्यात सगळ्यात जास्त मांजरं माझी. एक नजरेस पडेल तर शपथ. कोल्हे मात्र आमच्याकडचे गुबगुबीत असतात."

"कुणी कधी विचारायला आलं नाही?"

"तू पहिली."

मी गाडीत बसले आणि बाबांना फोन केला. ते ताम्पेरेला एकटे राहतात.

"बाबा, मिर्री शरदात कुठे जायच्या?"

"मोइसिओकडे." लगेच, विचार न करता.

"मी आत्ता तिथेच आहे."

त्यांच्याकडे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. त्यांनी आवाज बंद केला.

"फाट्यापाशी सोडायचो," ते म्हणाले. "ती त्या बाजूला चालायला लागायची. आम्ही निघायचो."

"शेतापर्यंत गेली का, बघितलंत कधी?"

"तू मागच्या सीटवर असायचीस. हात हलवायचीस."

मला आठवतं. मी काचेतून हात हलवायचे, मिर्री दिसेनाशी होईपर्यंत. आठ मिर्री. मोजणारी मी. आठ मांजरं एका गोठ्यात पाठवली आणि गोठा बघायला कधी गेले नाही.

आत्या आणि बाबा का बोलत नाहीत, ते आता विचारायची गरज उरली नाही.

१४ ऑक्टोबर

मुरुला पियाकडे नेलं. तीच खोली, तोच पडदा. वजन कमी, जंत, पंजाला जखम. आणि करड्या धुरकट पट्ट्यात तीन ठिणग्या.

मी श्वास घेतला. या वेळी कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

"ती अजून स्वतःच पिल्लू आहे," पिया म्हणाली. "आत्ता शस्त्रक्रिया केली तर तीन जातील. नाही केली तर बहुतेक चार. तरीही निर्णय तुझा आहे."

मी तो पडदा बघत राहिले. फेब्रुवारीत अशाच ठिणग्यांसाठी मी जगाला पेढे वाटायला निघाले होते. या ठिणग्या कोणत्याही मापाने कमी नाहीत. यांच्या वाट्याला फक्त कुणाच्या घरातली जागा आली नाही. त्या जागेवर मी आधीच पाच बसवली होती.

मी शस्त्रक्रियेला होकार दिला. बरोबर केलं का, मला माहीत नाही. माहीत नाही असंच इथे लिहून ठेवते.

मग म्हणाले, "उस्वाचीही वेळ दे. याच आठवड्यात."

१७ ऑक्टोबर

थांबलेल्या पाच जणांना फोन केले. पुढची खेप नाही. पण चौदा मांजरं आहेत, आणि त्यांतल्या कुणाची आई सुंदर होती का, मला ठाऊक नाही.

दोघांनी फोन ठेवला. एक बाई रागावली. एकाने विचार करतो म्हणून सांगितलं. पाचवी एक तरुण शिक्षिका. तिने विचारलं, "एक काळं मांजर आहे का? मला खरं तर काळंच हवं होतं, तुमच्याकडे बोलायची हिंमत झाली नाही." काळी तीन आहेत! मी गाडीतच टाळी वाजवली. तिला तेच प्रश्न विचारले, आणि एक नवीन: तुम्ही नोव्हेंबरात कुठे असता?

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "सापडलं वाटतं यंत्र."

२५ ऑक्टोबर

बाबा आले. न सांगता. सकाळी माझ्या दाराशी उभे, हातात मासे भरलेल्या पावाची पुडी. "आउनेला आवडतो," म्हणाले. माझी गाडी ठेवून त्यांच्याच गाडीतून आम्ही आत्याकडे गेलो.

आत्याने दार उघडलं. 

"ये," ती म्हणाली. "बूट काढ. मधेच उभा राहू नकोस, मांजरं पळतात."

बाबा साउनात गेले आणि खालच्या फळीवर बसले. मुरु वरून बघत होती. ती माझ्याकडे येणार आहे, उस्वाने तिला ओळखलं नाही तरीही. कान झडलेला पट्टेदार बोका बाबांच्या शेजारी येऊन बसला, जरा अंतर ठेवून. दोघंही समोर बघत होते. मी आणि आत्या दारात उभ्या. सापळ्याचं दार पडायची वाट बघावी तशी मी बघत होते.

"हा कुणाचा?" बाबांनी विचारलं.

"कुणाचा नाही," आत्या म्हणाली. "मोइसिओचा."

बाबांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला. बोक्याने हुंगला.

बोका बाबांकडे निघाला; त्याची टोपली मी मांडीवर घेतली आणि मागच्या सीटवर बसले. फाटा आला तसा बाबांनी वेग कमी केला. मला वाटलं, थांबतात. खडीच्या रस्त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि वेग वाढवला. बोका ओरडत होता, थांबायला तयार नव्हता.

"याला गाडी लागत असेल का गं?" बाबांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. बाबांच्या गाडीतून कुठलंच मांजर या दिशेने, फाट्याच्या पुढे, आलेलं नाही.